सवण्यातून दिसलेला पाय

मल्लू गेल्याचं मला त्याच्या मुलाच्या फोनवरून कळलं. सकाळची वेळ होती, जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत मी कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालत होतो. "काका, अप्पा गेले," बसवराज म्हणाला. मी "निघतो" म्हणालो, फोन ठेवला आणि माझ्या मनात जो पहिला विचार आला तो इथं लिहायला मला लाज वाटते. पण हा लेख मी लिहायला घेतला तो त्या लाजेपायीच... विचार असा आला की, यातही हा माझ्या पुढं गेला. मित्र गेल्याचं कळल्यावर माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं. माझ्या आलं, पण ते नंतर, रिक्षात बसल्यावर.

कुंभारीला पोचलो तेव्हा त्याला विमानात, म्हणजे अंत्ययात्रेच्या सजवलेल्या पालखीत, बसवलेलं होतं. त्यांच्या समाजात मृताला आडवं नेत नाहीत, भस्म लावून, रुद्राक्ष घालून, बसवून नेतात. झेंडूच्या माळांमध्ये मल्लू पाठ ताठ करून बसला होता, मान किंचित पुढं, जन्मभर ज्या गाडीत बसायची त्याला हौस होती तिच्यात बसल्यासारखा. गौरावहिनी, म्हणजे त्याची बायको, पायांशी होती. मला बघून तिनं नुसती मान हलवली. मीही हलवली. गावातली माणसं एकमेकांना सांगत होती, मिस्त्री लई भला माणूस होता, कुणाचा ट्रॅक्टर अडला तर जेवत्या ताटावरून उठायचा. ते खरंच होतं. मल्लिनाथबद्दल चांगलंच बोलावं लागतं, कारण वाईट बोलायला त्यानं काही ठेवलेलं नाही. हीच तर माझी त्याच्याबद्दलची जुनी तक्रार.

आमची गाठ पडली ती एका कॅलेंडरावरून. सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायचो. ग्राफच्या कागदावर एक एक चौकट रंगवायची, त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडली जायची आणि माग त्या पत्त्यांबरहुकूम मोर विणायचा, कमळं विणायचा. मल्लूचं त्याच रस्त्याला पत्र्याचं गॅरेज होतं आणि तो कारखान्याचा टेम्पो दुरुस्त करायला यायचा. एकदा रंग विकणाऱ्या एका कंपनीचा एजंट परदेशी छपाईचं कॅलेंडर ठेवून गेला. बारा महिने, बारा चित्रं, सगळी शर्यतीच्या मोटारींची. जमिनीला चिकटलेल्या, उघड्या चाकांच्या, चिरूटासारख्या मोटारी. मी बघता बघता ते गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला लावणार, तेवढ्यात ग्रीसनं काळा झालेला एक हात मधे आला. "आरं, मी बी तेच बघायलोय की सकाळपास्नं," मल्लू म्हणाला. बराच वेळ ओढाताण झाल्यावर मालकांनी ते मधोमध फाडलं. जानेवारी ते जून मला, जुलै ते डिसेंबर त्याला. घरी येऊन मी माझे सहा महिने भिंतीवर लावले आणि मग लक्षात आलं की सगळ्यात भारी चित्र ऑक्टोबरचं होतं. एकाच वळणात तीन मोटारी, पुढचीचा नंबर सात, तिचं आतलं चाक जमिनीवरून वीतभर उचललेलं. ते त्याच्याकडं गेलं. त्या वर्षी माझ्या घरात ऑक्टोबर आलाच नाही. तिथून जी जळजळ सुरू झाली ती सुरू झाली.

नाही तरी त्याच्याकडं सगळंच होतं. मी सायकल दामटत यायचो, तो मोटारसायकलवर. मला मराठी तेवढी यायची, तो कुंभारीचा, घरात अर्धं कन्नड, त्यामुळं त्याला बातम्या दोन भाषांत मिळायच्या. माझं कन्नड 'ऊट आयता' म्हणजे जेवण झालं का, याच्या पलीकडं गेलं नाही. त्याच्याकडं शॉर्टवेव्हचा रेडिओ होता. रविवारी मी कुंभारीला जायचो आणि आम्ही दोघं त्या रेडिओला कान लावून बसायचो. क्रिकेट, फुटबॉल, हॉकी, टेनिस, घोडे, हे सगळं सांगून झालं की निवेदक एका वाक्यात मोटार शर्यत कोण जिंकला ते सांगायचा आणि तेवढ्यात खरखर सुरू व्हायची. कुणाच्या किती गाड्या मागं पडल्या, कुणाचं इंजिन फुटलं, काही नाही. मराठी पेपरात तर तेवढंही नसे. फोटो आला तर जिंकणाऱ्याच्या गळ्यातल्या हाराचा. मोटार? ती कुठं तरी मागं, निम्मी कापलेली. आमचा नुसता तीळपापड व्हायचा. आम्हाला हार बघायचा नव्हता, गाडी वळणात कशी घुसते ते बघायचं होतं. मला तर धंद्यापायीही बघायचं होतं. ग्राफवर गोलाई काढली की तिच्या पायऱ्या होतात, आणि धावणारी वस्तू चौकटींत कशी बसवायची हे मला काही केल्या उमजत नव्हतं.

मग टीव्ही आला. सोलापुरात नव्हे, सीमेपलीकडं एका गावी केंद्र सुरू झालं आणि अक्कलकोटच्या अंगाला उंच पाईप लावला की त्याचं चित्र धरता येतं असा शोध लागला. मल्लूचे थोरले भाऊ शिवलिंगअण्णा अडतीचे व्यापारी, त्यांनी गावातला पहिला सेट आणला. म्हणजे टीव्हीसुद्धा त्याच्याच घरात! त्यांचं घर माळवदाचं, वर मातीचं सपाट छत आणि त्या छताला उजेडासाठी, धुरासाठी ठेवलेलं चौकोनी भोक, त्याला सवणं म्हणतात. माळवदावर दोन पाईप एकात एक जोडून उभे केले होते. पाईप लोखंडी कड्यात बसवलेला, आणि चित्र बरं येणाऱ्या दिशेला तो आणला की कड्यावर आणि पाईपवर मिळून मल्लूनं पांढऱ्या ऑइलपेंटची एक उभी रेघ ओढून ठेवली होती. रेघ जुळली की तोंड केंद्राकडं. तरी कडं ढिलं होतं, पाईप वजनानं फिरायचा, म्हणून कुणी तरी वर धरून उभं राहावं लागायचं. ते कुणी तरी म्हणजे मी. "सुधा, तुझा हात नक्षीवाल्याचा हाय, हालत न्हाय," मल्लू म्हणायचा; मला तो सुधाच म्हणायचा. म्हणायला गोड. पण मी वर, तो खाली. मी विचारायचो, "आलं का?" तो सवण्यातून ओरडायचा, "आलं! आलं! हलू नको!"

आणि काय यायचं? भुईमुगावरची कीड. कुटुंब लहान ठेवा. तंबोऱ्यावर भजन. खेळांचा कार्यक्रम आठवड्यातून एकदा, त्यात कबड्डी सरली की उरलेल्या वेळात कधी तरी परदेशातल्या मोटार शर्यतीचा तुकडा. तोही कसा? सुरुवातीला गर्दी, बायकांच्या टोप्या, ढगाळ आभाळ, मग एक मोटार भर्रकन गेली की परत टोप्या. निवेदक तिसऱ्याच मोटारीचं नाव घेतोय. आणि जरा कुठं दोन गाड्या एकमेकींना भिडल्या की फिल्म तुटायची, पडदा काळा, आणि फुलदाणीचं चित्र. मल्लू खालून शिव्या घालायचा, मी वरून. मग आम्ही केंद्राला पोस्टकार्ड लिहायचो. अक्षर माझं, सही 'कुंभारी मोटार शर्यत प्रेमी मंडळ' अशी. मंडळात सभासद दोन. 'आपण प्रेक्षकांच्या टोप्या दाखवता, त्या आम्ही लक्ष्मी मार्केटमध्येही पाहू शकतो,' असं एका कार्डात मी लिहिलेलं मला आठवतं. उत्तर एकदाही आलं नाही. पण मला खरी मिरची झोंबायची ती वेगळीच. ते तुकडे का होईना, मल्लूनं बघितलेले असायचे. टोप्यासुद्धा त्यानंच बघितलेल्या.

असं दीडएक वर्ष गेलं. एका उन्हाळ्यात मल्लू भर दुपारी कारखान्यात आला. हातात कन्नड पेपर. "येत्या रविवारी शर्यतीची आख्खी फिल्म हाय, वीस मिंटं! हितं छापलंय." मी पेपर हातात घेतला, अक्षरं बघितली, काही कळलं नाही, परत दिला. "या वेळेला मी खाली," मी म्हणालो. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "निम्मंनिम्मं. सुरवात मी बघतो, कन्नड काय बोलतेत ती ऐकतो, मग तुला हाक मारतो. तू खाली, मी वर. शपथ." मी मान्य केलं. आठवडाभर मला दुसरं काही सुचलं नाही. मोराच्या पिसाऱ्यात दोन चौकटी जास्त रंगवल्या आणि मालकांची बोलणी खाल्ली.

त्या रविवारी संध्याकाळी साडेसहाला मी माळवदावर पाईपला हात लावून उभा होतो. ऊन उतरलं होतं पण माती अजून पायाला चटके देत होती. वारा असा नव्हताच. खालच्या लिंबाचं पान हलत नव्हतं. रेघ जुळवून धरली होती. सवण्यातून मला खालचं जे दिसायचं ते म्हणजे जमिनीचा हातभर तुकडा आणि मल्लूचा उजवा पाय. सेट भिंतीच्या कडेला, त्याचा बारीक आवाज वर पोचायचा नाही आणि तो काही केल्या दिसायचाही नाही, मी वाकून बघायचे सगळे प्रयत्न करून झालेले. खाली तो आणि वहिनी दोघंच होते, अण्णा बायकामुलांसह अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला गेलेले. "आलं!" मल्लू ओरडला. "लायनीत हुब्या हायेत गाड्या! पडला बावटा!" आणि त्याचा तो पाय जमिनीवर दाबला गेला. अंगठा रुतवून, करकचून, जसा ऍक्सिलरेटरवर. तो पाय बघितला आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. तो तिथं होता. त्या वळणात, त्या मोटारींत होता. आणि मी इथं लोखंड धरून उभा.

मी वाट बघू लागलो हाकेची. घड्याळ माझ्याकडं नव्हतं. माझ्या अंदाजानं पाच मिनिटं झाली, सात झाली, दहा झाली. हाक नाही. पाय मात्र दाबलेलाच. विसरला, मी मनात म्हटलं. विसरला कसला, मुद्दाम करतोय. ऑक्टोबर त्याला, मोटारसायकल त्याला, कन्नड त्याला, टीव्ही त्याला, आणि आता माझी निम्मी शर्यतही त्यालाच! काय झालं मला सांगता येणार नाही... पण हात नक्षीवाल्याचा होता, हलला तो ठरवूनच. मी पाईप गरकन फिरवला. अक्कलकोटकडचं तोंड तुळजापूरकडं केलं. पांढरी रेघ मोडून कड्याच्या पार पलीकडं गेली. बस आता, म्हटलं. मला नाही तर तुलाही नाही.

खाली पाय थांबला. अंगठा जमिनीवरून उचलला गेला. मी श्वास धरून उभा राहिलो, आता ओरडेल, 'गेलं, फिरव' म्हणेल, मग मी फिरवल्यासारखं करीन. थोडा वेळ काहीच आवाज नाही. आणि मग तो पाय परत दाबला गेला. "सात नंबर लागला बघ मागं, सुधा!" मल्लू ओरडत होता. "आत घुसायलाय! घुसला! आरं, बारा नंबर गवतात गेला की! धूर, नुसता धूर!" मी चक्रावलो. पाईप तुळजापूरकडं आणि चित्र चालूच? मी अजून फिरवला. "तितं पाऊस पडायलाय, सुधा! लई पाऊस! टायरं बदलायलेत!" मी पाईप सोडूनच दिला. तो आपल्या वजनानं हवा तसा कलला आणि खाली शर्यत दणक्यात चालू राहिली. शेवटच्या फेरीत सात नंबरचं चाक वळणात वीतभर उचललं गेलं, आणि तशाच तीन चाकांवर तो जिंकला. मी घामानं निथळत होतो. मला त्या क्षणी जे वाटलं ते हे की, याच्या नशिबापुढं माझा दावाही चालत नाही. याचं चित्र दैवच धरून उभं आहे. पाईप तसाच टाकून मी खाली उतरलो. सेट बंद केलेला होता. वहिनी चुलीकडं तोंड करून बसली होती, तिचे खांदे हलत होते. "हाक का नाही मारलीस?" मी विचारलं. मल्लू म्हणाला, "रंगात आलो रं. भान न्हाय ऱ्हायलं. चुकलंच माझं." आणि त्यानं माझ्यापुढं पोस्टकार्ड ठेवलं. "लिही. आख्खी शर्यत दाखवल्याबद्दल मंडळ आभारी हाय." मी दात खाऊन, माझ्या सुरेख अक्षरात, आभाराचं कार्ड लिहिलं. त्यानं ते घडी न घालता खिशात ठेवलं.

त्यानंतर चारपाच महिने मी कुंभारीला फिरकलो नाही. तो यायचा. दर दोन दिवसांनी कारखान्याच्या फाटकाशी मोटारसायकल लावून चहाला बोलवायचा आणि त्या शर्यतीबद्दल विचारलं की सांगायचा. मी विचारायचो, कारण माझ्या चौकटींना ती हवी होती. तो सांगेल ते मी ग्राफवर घेत गेलो. पाऊस, धूर, उचललेलं चाक. महिनाभर खपून मी मोटारींची चादर काढली. मालक म्हणाले, "मोटारी कोण पांघरणार? मोर काढ." पण नमुन्याच्या म्हणून दोन विणल्या गेल्या, एक त्याला, एक मला. सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी चालते, एका बाजूनं मरून रंगावर पांढऱ्या मोटारी उजवीकडं पळतात, उलटी केली की पांढऱ्यावर मरून मोटारी डावीकडं. मी त्याला विचारलं, "खरं सांग, त्या उजवीकडं वळत होत्या का डावीकडं? नीट बाजू कुठली?" मल्लू हसला. "चादर उलटी केली की दोन्ही होतंय की," म्हणाला. मला वाटलं, बघितल्याचा माज. एकदा तो उजवीकडं म्हणाला होता, एकदा डावीकडं. ज्यानं बघितलंय त्याला काय, मी मनात धुमसत राहिलो.

पुढं टीव्ही घरोघर झाला, रंगीत झाला, आणि मग एक दिवस शर्यती अख्ख्याच्या अख्ख्या, पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत दिसू लागल्या. मी मल्लूला कुंभारीहून मुद्दाम फ्लॅटवर बोलवायचो. सेट माझा, सोफा माझा, चहा माझ्या घरचा. आता तू बघ मी कसा बघतो ते. आणि हा गृहस्थ दहाव्या फेरीला मान टाकून घोरायला लागायचा. उठवलं की म्हणायचा, "त्या दिवसावानी न्हाय ह्यात." झालं. माझ्या मोठ्या सेटचं, माझ्या पन्नास फेऱ्यांचं मातेरं. त्याच्या वीस मिनिटांपुढं माझं सगळं फिकं. इतकी वर्षं आम्ही एकमेकांच्या सुखदुःखात उभे राहिलो, माझ्या पत्नीच्या आजारपणात तो दवाखान्यात माझ्याआधी पोचायचा, त्याच्या बसवराजच्या लग्नाची पत्रिका मी काढली. पण आत एक जागा अशी होती की जिथं मी अजून माळवदावर उभा होतो. पाईप फिरवल्याचं मी त्याला कधी सांगितलं नाही. मनाला म्हणायचो, नुकसान कुठं झालंय? त्याला तर सगळं दिसलंच.

त्याच्या शिवगणाराधनेनंतर, म्हणजे त्यांच्याकडच्या दिवसकार्यानंतर, पंधराएक दिवसांनी मी कुंभारीला गेलो. अण्णा आपला वाटा घेऊन शहरात गेले, पण माळवदाचं ते जुनं घर मल्लूनं पाडू दिलं नव्हतं. गौरावहिनीनं त्याच्या वस्तूंची पेटी माझ्यापुढं ठेवली. "तुमचं काय असलं तर घ्या, भावजी." वर माझी चादर होती, धुवून धुवून पातळ झालेली. "हीच पांघरायचे शेवटपत्तूर," वहिनी म्हणाली. चादरीखाली कॅलेंडरची पानं होती, जुलै ते डिसेंबर. ऑक्टोबर मी पहिल्यांदा माझ्या हातात घेतला. वळण, तीन मोटारी, सात नंबर, वीतभर उचललेलं चाक... आणि ते चाक बघता बघता मला माळवदावर ऐकलेली शेवटची फेरी आठवली. पान उलटलं तर मागं एक पोस्टकार्ड. माझ्या अक्षरातलं. आभाराचं.

"वहिनी, हे त्यानं टाकलंच नाही का पोस्टात?"

"कसं टाकतील? आभार कशाचं मानायचं?" ती म्हणाली. "दिसलं कुटं हुतं?"

मी कार्ड खाली ठेवलं. ती लांब कुठं तरी बघून, आठवून सांगत होती. "गाड्या हुब्या हुत्या, बावटा पडला, पयल्या वळणाला लागल्या. लई तर दोन मिंटं झाली आसतील. ह्ये म्हणले, गौरा, सुधाला हाक मार, त्यो बघू दे, मी जातो वर. मी शिडीला हात लावते न लावते, तवर पडद्यावर मुंग्या आल्या. आवाजबी गेला. म्हणले, तुटली बग फिल्म, नेहमीसारखी. मी म्हणलं, मग भावजींना सांगते. तर माझा हात धरला. म्हणले, नको. आठ दिस वाट बघितलीया त्यानं, उन्हात हुबा हाय. त्याला शर्यत दिऊ या. आन् लागले की मुंग्यांकडं बघून वरडायला! मला हसू आवरंना, मी चुलीकडं तोंड केलं."

दोन मिनिटं. माझी दहा मिनिटं ती दोन मिनिटं होती. हाक ओठावर आली होती आणि मी पाईप फिरवला होता. केंद्रावाले बिचारे त्या दिवशी वीसच्या वीस मिनिटं दाखवत असतील, आणि कुंभारीत ती बघायला पडदाच नव्हता. त्याची पहिली अख्खी शर्यत मी मोडली आणि त्यानं मला एक अख्खी शर्यत दिली. मुंग्यांमधली, पावसातली, तीन चाकांवरची. मला तिथंच सांगून टाकायचं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच. "त्याला नंतर काही कळलं का?"

"दिवं लावायच्या वक्ताला वर गेलते पाईप बघायला," वहिनी म्हणाली. "खाली आले आन् गप बसले. मी विचारलं, काय झालं? म्हणले, काय न्हाय, वाऱ्यानं फिरलाय पाईप. बसवला नीट."

मी उठलो आणि शिडी चढून माळवदावर गेलो. गुडघे दुखतात आता, दोनदा थांबावं लागलं. पाईप तिथंच आहे. गंजून तांबडा झालेला, वहिनीनं त्याला वाळवणाची दोरी बांधली आहे. खाली वाकून कडं बघितलं. पांढरी रेघ अजून आहे, पुसट, पण आहे, आणि कड्यावरची नि पाईपवरची रेघ तंतोतंत जुळलेली आहे. त्या संध्याकाळी मी मोडलेली रेघ त्यानं परत जुळवली होती. तेव्हा त्याला कळलं नसेल असं मी कसं म्हणू? तो मिस्त्री होता. सगळं कळून दुसऱ्या दिवशी तो फाटकाशी येऊन मला चहाला बोलवत होता, आणि मी त्याच्या शर्यतीवर जळत होतो. खरं सांगायचं तर आजही मी त्याच्यावर जळतो. पडद्यावर नुसत्या मुंग्या असताना मला ओरडता आलं नसतं. रेघ मोडलेली बघून मला गप्प बसता आलं नसतं. एवढं मन माझ्याकडं नव्हतं, आणि ते त्याच्याकडं होतं, हेही सगळ्यासारखं त्याच्याकडंच. मी दोन्ही हातांनी पाईप धरून फिरवून बघितला. तसूभर हलला नाही.

मग मी सवण्यापाशी बसलो आणि खाली बघितलं. तोच जमिनीचा हातभर तुकडा. त्यावर आता वहिनीची पावलं होती. ती वर बघत होती.

"वहिनी," मी म्हणालो, "त्या दिवशी वारा नव्हता."

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"न्हवताच की, भावजी," ती म्हणाली. "त्यास्नीबी ठावं हुतं. या आता खाली... तुमाला हाक मारायची ऱ्हायली हुती माझी."